थकलेले कर्ज फेडल्यानंतरचा पत अहवाल : सिबिलच्या मोफत सेवेचे परीक्षण

ट्रान्सयुनियन सिबिल ही पतमाहिती कंपनी प्रत्येक व्यक्तीला दर कॅलेंडर वर्षात एकदा जो संपूर्ण पत अहवाल मोफत देते, त्याचे हे परीक्षण आहे. हा अहवाल मी एका ठरावीक वाचकाच्या गरजेच्या बाजूने तपासला आहे. ज्याच्या क्रेडिट कार्डाची किंवा वैयक्तिक कर्जाची रक्कम पूर्वी कधी थकली, ज्याचे खाते बँकेच्या वसुली विभागाकडून बाहेरच्या वसुली एजन्सीकडे गेले आणि ज्याच्या हाती आता ती थकबाकी फेडण्याइतके पैसे जमले आहेत, असा तो वाचक. त्याचा प्रश्न साधा असतो : पैसे भरले तर सिबिल सुधारेल का? फोनवरचा वसुली प्रतिनिधी ‘लगेच सुधारेल’ म्हणतो, शाखेत ‘वसुली विभागाला विचारा’ असे सांगितले जाते, आणि खरे उत्तर मात्र त्याच्या स्वतःच्या अहवालातील तीन-चार छोट्या रकान्यांत असते. पैसे भरण्याआधी हे रकाने वाचायला मिळतात, यातच या सेवेचे खरे मोल आहे.

सिबिलची स्थापना २००० साली मुंबईत झाली. पुढे २००५ च्या पतमाहिती कंपन्या (नियमन) कायद्याने या व्यवसायाला चौकट दिली. आज सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना असून, वर्षातून एक पूर्ण अहवाल गुणांकासह (कर्जफेडीच्या सवयींवरून काढलेल्या आकड्यासह) मोफत देण्याचे बंधन या चारही कंपन्यांवर १ जानेवारी २०१७ पासून आहे. कर्ज देणाऱ्या संस्था चारही ठिकाणी माहिती पाठवतात. त्यामुळे थकबाकी फेडल्यानंतर एका अहवालात दुरुस्ती झाली आणि दुसऱ्यात जुनीच नोंद राहिली, असे घडू शकते. नवे कर्ज देणारी बँक चारांपैकी नेमका कोणता अहवाल उघडेल, हे अर्जदाराच्या हातात नसते. म्हणून मी येथे सिबिलच्या अहवालाबद्दल लिहीत असलो, तरी पैसे भरणाऱ्याने बाकीचे तीनही अहवाल मिळवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

अहवाल मिळवण्याची पद्धत सुटसुटीत आहे. संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख, पॅन, पिनकोड आणि मोबाइल क्रमांक भरावा लागतो, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकावा लागतो आणि ओळख पटली की अहवाल पडद्यावर येतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. कर्ज किंवा कार्ड मागितल्यावर बँक जी चौकशी करते, ती मात्र अहवालात नोंदली जाते. वाटेत सशुल्क सदस्यत्वाचे प्रस्ताव ठळकपणे समोर येतात, आणि घाईत असलेल्या माणसाला तेच आवश्यक आहेत असे वाटू शकते. वर्षातून एकदाच अहवाल पाहणाऱ्याला त्यांची गरज नाही. मोफत अहवालाचा दुवा संकेतस्थळावर ठळक दिसला पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकात बजावले आहे. तो दुवा शोधावा आणि सदस्यत्वाची पाने ओलांडून पुढे जावे. नियामकाने बंधन घातलेली सेवा विक्रीच्या प्रस्तावांच्या गर्दीतून शोधावी लागणे मला मुळीच पटत नाही, आणि या सेवेचे पहिले गुण मी येथेच कापतो.

अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर ३०० ते ९०० यांमधील गुणांकावर खिळते. थकबाकीदाराने तो आकडा काही काळ बाजूला ठेवून खात्यांच्या विभागाकडे वळावे. तेथे प्रत्येक कर्जाची आणि प्रत्येक कार्डाची स्वतंत्र चौकट असते. त्या चौकटीत कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, खाते उघडल्याची तारीख, शेवटचा भरणा केव्हा झाला ती तारीख, चालू शिल्लक, थकीत रक्कम आणि बँकेने माहिती पाठवल्याची तारीख दिलेली असते. खाली महिन्यांची एक पट्टी असते. त्या त्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा होता, हे तिथे आकड्यांत लिहिलेले असते, आणि बँकांच्या बोलीत त्याला डीपीडी (‘डेज पास्ट ड्यू’) म्हणतात. शून्य किंवा ‘एसटीडी’ असे लिहिले असेल तर काळजीचे कारण नाही. नव्वद दिवसांपलीकडे गेलेले खाते अनुत्पादित, म्हणजे बँकेला उत्पन्न न देणारे, ठरते, आणि तेथून पुढे काही बँका दिवसांऐवजी ‘एसयूबी’, ‘डीबीटी’, ‘एलएसएस’ अशी वर्गवारी लिहितात, म्हणजे अनुक्रमे दुय्यम, संशयित आणि बुडीत. ‘एक्सएक्सएक्स’ असे दिसले, तर त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही पट्टी छत्तीस महिन्यांची असते, आणि थकबाकी फेडणाऱ्याच्या दृष्टीने अहवालातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथे आहे. पैसे भरल्याने मागचे महिने पुसले जात नाहीत. भरणा झाल्यावर चालू शिल्लक शून्य होते, थकीत रक्कम शून्य होते, खाते बंद झाल्याची तारीख येते. पण २०२३ च्या पावसाळ्यात हप्ता एकशे वीस दिवस थकला होता, ही नोंद पट्टीत जागेवरच राहते आणि पुढचे महिने जसजसे जमा होतात तसतशी मागे सरकते. ‘सगळे पैसे भरले तरी सिबिल खराबच आहे’ ही तक्रार आपण नेहमी ऐकतो, आणि पुष्कळदा तिच्यामागे बँकेची चूक नसते, ही पट्टी असते. वसुली प्रतिनिधी ‘लगेच सुधारेल’ म्हणतो, तेव्हा तो शिल्लक शून्य होण्याबद्दल बोलत असतो. कर्जदाराने त्यावरून इतिहासही स्वच्छ होईल असा समज करून घेऊ नये.

पट्टीहून अधिक काळ त्रास देणारा रकाना खात्याच्या स्थितीचा आहे. दीर्घकाळ न भरलेले कर्ज बँक आपल्या पुस्तकांतून निर्लेखित करते. अहवालात ते ‘रिटन ऑफ’ असे दिसते. निर्लेखन हा बँकेच्या हिशेबाचा भाग आहे. त्याने कर्ज माफ होत नाही आणि वसुलीचा हक्कही संपत नाही. बँकेशी तडजोड होऊन कमी रकमेवर प्रकरण मिटले तर ‘सेटल्ड’ ही नोंद होते. निर्लेखनानंतर तडजोड झाली तर ‘पोस्ट रिटन ऑफ सेटल्ड’. आणि निर्लेखनानंतरही पूर्ण रक्कम भरली तर ‘पोस्ट रिटन ऑफ क्लोज्ड’. खाते निर्लेखित होण्याआधीच सगळी थकबाकी भरून टाकली, तर ते साधे ‘क्लोज्ड’ म्हणून दिसते आणि मागे फक्त पट्टीतील उशिराचे महिने राहतात. पैसे भरणाऱ्याने निवड करायची असते ती खरे तर या चार शेवटांमधून, आणि ही निवड पैसे देण्यापूर्वीच होते.

समजा, एखाद्याच्या कार्डावर व्याज आणि दंड धरून ऐंशी हजार रुपये थकले आहेत. एजन्सीचा माणूस सांगतो की पंचेचाळीस हजार एकदम भरा, विषय संपवू. सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या एकरकमी परतफेड योजना महाराष्ट्रात जुन्या आहेत. त्यामुळे अशा प्रस्तावात आपल्या लोकांना काही वावगे वाटत नाही, आणि तो बेकायदेशीरही नाही. पस्तीस हजार वाचतात हे खरेच आहे. परंतु त्या पस्तीस हजारांच्या सवलतीची नोंद ‘सेटल्ड’ म्हणून अहवालात जाते. पुढे घरकर्जाचा अर्ज पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ती नोंद असे सांगते, की या माणसाने पूर्वी एकदा कबूल केलेले पूर्ण पैसे दिले नव्हते. शिवाय जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार, तडजोड केलेल्या कर्जदाराला ती संस्था शेतीकर्ज वगळता किमान बारा महिने नवे कर्ज देऊ शकत नाही. ज्याला पुढच्या काही वर्षांत घर घ्यायचे आहे, त्याच्यासाठी हे पस्तीस हजार महाग ठरू शकतात. ज्याच्यापुढे घरखर्चाचाच प्रश्न उभा आहे आणि नवे कर्ज घेण्याचा विचारही ज्याच्या मनात नाही, त्याने तडजोड स्वीकारली तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. ‘रिटन ऑफ’ अशी उघडी थकबाकी राहू देण्यापेक्षा तडजोड निश्चितच बरी. मात्र दोन्ही वाटांचा शेवट अहवालात वेगवेगळा लिहिला जातो, हे कळून मग निर्णय व्हावा.

माझ्या मावसभावाने असाच निर्णय अहवाल समोर ठेवून घेतला. त्याच्या कार्डाचे खाते निर्लेखित झालेले होते, आणि एजन्सीने पाठवलेल्या पत्रात तडजोडीची रक्कम होती, पण भरण्यानंतर खात्याची स्थिती काय कळवली जाईल याबद्दल एक अक्षरही नव्हते. आम्ही बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारले, पूर्ण थकबाकीचा आकडा मागितला आणि व्याजासह ती रक्कम थोड्या हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळवली. सगळे पैसे भरल्यावर बेबाकी दाखला, म्हणजे काहीही देणे उरले नाही असे बँकेचे लेखी पत्र, मिळाला. अहवालात मात्र पुढे कित्येक आठवडे ‘रिटन ऑफ’ हीच नोंद आणि जुनीच थकीत रक्कम कायम होती. बँकेचे नाव मी घेत नाही; कारण ही ढिलाई एका बँकेपुरती नाही, आणि या परीक्षणाचा विषय पुढची दुरुस्ती कशी झाली हा आहे.

दुरुस्तीकडे जाण्यापूर्वी एजन्सीबद्दल स्पष्ट सांगितले पाहिजे. भारतातील पत अहवालात वसुली एजन्सीचे नाव कोठेही येत नाही. नोंद करण्याचा आणि ती बदलण्याचा अधिकार कर्ज देणाऱ्या संस्थेचा असतो. एजन्सी केवळ तिच्या वतीने फिरणारी कंत्राटदार असते. म्हणून पैसे कर्जाच्या किंवा कार्डाच्या खात्यातच भरावेत, एजंटच्या हातात किंवा त्याच्या वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर कदापि देऊ नयेत, आणि पावतीवर खाते क्रमांक असल्याची खात्री करावी. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ पासून मनाई केली आहे, हेही माहीत असावे. घाबरून केलेला भरणा बहुधा चुकीच्या अटींवर होतो. काही वेळा बँक थकीत कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे अशी कर्जे विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला, विकते. तसे झाले असेल, तर जुन्या बँकेच्या चौकटीत खाते विकल्याची नोंद दिसते आणि नव्या कंपनीच्या नावाने वेगळी चौकट उघडते. अशा वेळी पैसे नव्या कंपनीला द्यायचे असतात, आणि बेबाकी दाखलाही तिच्याकडून घ्यायचा असतो. कोणाला पैसे द्यायचे, एवढे कळण्यासाठी तरी भरण्याआधी अहवाल पाहणे अपरिहार्य आहे.

इंटरनेटवर या विषयावरील जो सल्ला सर्वाधिक सापडतो तो अमेरिकेचा असतो, आणि तो वाचून आपल्याकडचे लोक गोंधळतात. तेथे वसुली कंपनी स्वतःच्या नावाने अहवालात नोंद करू शकते, त्यामुळे ‘पैसे देतो, नोंद काढून टाका’ अशी घासाघीस तेथे चालते. फेडलेल्या वैद्यकीय बिलांच्या वसुलीच्या नोंदी तेथील तिन्ही मोठ्या पतमाहिती कंपन्यांनी जुलै २०२२ पासून अहवालातून काढून टाकल्या. इतर प्रकारची वसुलीची नोंद मात्र पैसे फेडले तरी सात वर्षांपर्यंत राहू शकते, आणि जुन्या पद्धतीच्या गुणांकांत फेडलेल्या-न फेडलेल्या नोंदीत फारसा फरक धरला जात नाही. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे नियम उपयोगी आहेत. पुण्यात किंवा नागपुरात बसून बँकेकडे ‘नोंदच काढून टाका’ अशी मागणी करण्यात काही हशील नाही. येथे योग्य मागणी खाते अचूक स्थितीत दाखवण्याची असते.

सात वर्षांची गोष्ट आपल्याकडेही ऐकू येते. सात वर्षे थांबलो की सगळे आपोआप निघून जाते, असे अनेक जण खात्रीने सांगतात. पतमाहितीच्या नियमांत माहिती किमान सात वर्षे जपून ठेवण्याचे बंधन आहे. किमान मर्यादेचा अर्थ सात वर्षांनी नोंद पुसण्याची सक्ती असा होत नाही. न फेडलेले निर्लेखित खाते बँक दर खेपेला तसेच कळवत राहिली, तर ते दिसत राहते. थांबून राहण्याच्या आशेवर थकबाकी तशीच ठेवणाऱ्यांना मी कळकळीने सांगू इच्छितो की हा भरवसा ठेवू नका.

भरणा झाल्यावर अहवाल बदलायला किती वेळ लागावा? कार्डांबाबत नियम स्पष्ट आहे : थकबाकीदार म्हणून कळवलेल्या ग्राहकाने रक्कम चुकती केली, की तीस दिवसांच्या आत बँकेने त्याची स्थिती पतमाहिती कंपनीकडे अद्ययावत केली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत सांगितले. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी महिन्यातून एकदा ऐवजी निदान पंधरवड्यातून एकदा माहिती पाठवायची आहे. पूर्वी महिनाअखेरीच्या माहितीचा घोळ पुढच्या महिन्यावर जाई आणि मंजुरीच्या उंबरठ्यावर असलेले कर्ज अडून राही. तो त्रास या बदलाने कमी झाला आहे. तरीही पंधरवड्याचा नियम असला म्हणजे बँक योग्य स्थितीच कळवेल, असे गृहीत धरू नये. भरण्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी अहवाल पुन्हा पाहावा.

येथे मोफत अहवालाची एक अडचण येते. वर्षाला एकच अहवाल मोफत असल्यामुळे भरण्याआधी पाहिला, तर भरण्यानंतरचा कोठून पाहायचा? वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे मोजले जाते, याचा फायदा घेता येतो. ज्याला सवड आहे, त्याने वर्षअखेरीस अहवाल पाहून डिसेंबरमध्ये भरणा करावा आणि फेब्रुवारीत नव्या वर्षाचा मोफत अहवाल काढावा. ज्याला थांबता येत नाही, त्याने आधी सिबिलचा अहवाल पाहावा आणि नंतरची पडताळणी इतर तीन कंपन्यांच्या मोफत अहवालांवरून करावी. सिबिलचा दुसरा अहवाल त्यासाठी विकत घ्यावा लागला तरी तो खर्च वाया जाणारा नाही. पण थकबाकी फेडणाऱ्या माणसाला भरण्याच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन अहवाल मोफत मिळावेत, असे मला मनापासून वाटते. ज्याने प्रामाणिकपणे पैसे फेडले, त्याला ते फेडल्याची नोंद झाली की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा पैसे पडू नयेत.

आता तक्रारीच्या सोयीबद्दल. चुकीची नोंद दिसली तर सिबिलच्या संकेतस्थळावर विनामूल्य तक्रार नोंदवता येते. खात्याची चौकट निवडायची, कोणता रकाना चुकीचा आहे ते सांगायचे आणि अर्ज पाठवायचा, इतकेच ते काम आहे. मावसभावासाठी आम्ही शिल्लक, थकीत रक्कम आणि खात्याची स्थिती असे तिन्ही रकाने वेगवेगळे नोंदवले आणि त्याच दिवशी बेबाकी दाखल्याची प्रत जोडून बँकेलाही ईमेल केला. हा दुहेरी मार्ग मी प्रत्येकाला सुचवीन. कारण पतमाहिती कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. ती तक्रार बँकेकडे पाठवते, बँक आपली कागदपत्रे पाहून होकार किंवा नकार देते, आणि त्यानंतरच अहवाल बदलतो. आमच्या बाबतीत तीस दिवसांच्या मुदतीच्या आत तिन्ही रकाने दुरुस्त झाले आणि खाते निर्लेखनानंतर पूर्ण फेडून बंद केल्याच्या स्थितीत आले. उशिराचे महिने अर्थातच जागेवर राहिले, आणि ते राहायलाच हवेत. ते खरे होते.

या मुदतीला २६ एप्रिल २०२४ पासून दात आले आहेत. तक्रार मिळाल्यापासून तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर तक्रारदाराला दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बँकेने एकवीस दिवसांच्या आत सुधारित माहिती पाठवली नसेल तर भरपाई बँकेने द्यायची, आणि बँकेने वेळेत पाठवूनही पतमाहिती कंपनी रेंगाळली असेल तर कंपनीने द्यायची. रकमेकडे पाहून कोणी म्हणेल की शंभर रुपयांनी काय होणार. परंतु दिवस मोजले जाऊ लागल्यावर कार्यालयांचा वेग बदलतो, आणि याच एका तरतुदीमुळे मी या सेवेला आधीपेक्षा बरेच अधिक गुण देतो. एक मर्यादा लक्षात ठेवावी : ‘माझा गुणांक कमी का आला’ किंवा ‘बँकेने कर्ज का नाकारले’ या तक्रारींना ही भरपाई लागू नाही. तक्रार नोंदीतील चुकीची असावी लागते.

तीस दिवसांनंतरही समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ही योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि पतमाहिती कंपन्या तिच्या कक्षेत १ सप्टेंबर २०२२ पासून आल्या. तेथेही शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. आधी संस्थेकडे केलेल्या तक्रारीचा पुरावा मात्र लागतो, म्हणून पहिल्या दिवसापासून तक्रार क्रमांक, ईमेल आणि पावत्या एकाच ठिकाणी ठेवाव्यात.

हे सर्व मोफत उपलब्ध असताना ‘सिबिल दुरुस्त करून देतो’ अशा जाहिराती व्हॉट्सॲपवर आणि रिक्षांच्या पाठीवर दिसतात, आणि गरजू माणसे त्यांना हजारो रुपये देतात याचे मला दुःख होते. असा मध्यस्थ प्रामाणिक असेल, तर तो वर सांगितलेला तक्रार अर्जच आपल्या नावाने भरतो. तो प्रामाणिक नसेल, तर खऱ्या नोंदीविरुद्धही वारंवार तक्रारी टाकतो, बँक त्या फेटाळते आणि पैसे गेलेले असतात. ‘सेटल्ड’ची नोंद आपल्या ओळखीने काढून देतो असे कोणी म्हटले, तर त्याच्याकडे पॅन आणि ओटीपी देऊ नये. ती नोंद बदलण्याचा एक सरळ मार्ग आहे. तडजोडीत सोडलेली रक्कम पुढे सवडीने बँकेला देण्याची तयारी लेखी कळवावी, बँकेने ती मान्य केली तर पैसे भरून नवा बेबाकी दाखला घ्यावा आणि खाते पूर्ण फेडून बंद केल्याचे कळवण्यास सांगावे. काही वर्षांपूर्वी घेतलेली अशी सवलत परत करून अनेक जण आपले घरकर्ज मार्गी लावतात. बँकेने मान्यता दिली पाहिजे, ही अट मात्र आहे, आणि ती मान्यता हाती येण्याआधी पैसे भरू नयेत.

अहवालाच्या मांडणीबद्दल माझी नाराजी आहे. मी पाहिलेला अहवाल इंग्रजीत आहे आणि खात्याच्या स्थितीचा रकाना इतक्या बारीक अक्षरांत असतो, की ज्यावर घरकर्ज अडते ती नोंद डोळ्यांखालून निसटून जावी. गुणांकाचा आकडा मोठ्या रंगीत अर्धवर्तुळात आणि खात्याची स्थिती कोपऱ्यात, हा अग्रक्रम उलटा व्हायला हवा. ‘ही नोंद का आहे, ती कोणी केली आणि पैसे भरल्यास ती कशात बदलेल’ अशी एक-दोन वाक्ये मराठीसह भारतीय भाषांत प्रत्येक थकीत खात्याखाली छापली, तर वसुली प्रतिनिधीच्या शब्दांवर विसंबून राहण्याची वेळ बहुतेकांवर येणार नाही. माहिती सगळी आहे. ती वाचणाऱ्याला समजेल अशी ठेवलेली नाही. गुणांक किती वाढेल हे अहवाल सांगत नाही, आणि ते सांगता येण्यासारखेही नाही. परतफेडीचा इतिहास, घेतलेल्या कर्जाचे प्रमाण, कर्जांचे प्रकार व वय आणि अलीकडच्या चौकशा यांचा एकत्र विचार होतो. त्यामुळे तेवढीच थकबाकी फेडलेल्या दोघांचे गुणांक वेगळ्या प्रमाणात हलतात. ‘इतके भरा, इतके गुण वाढतील’ असे आकड्यात सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो.

शेवटी जामीनदार आणि सहकर्जदारांसाठी. आपल्याकडे भावासाठी, मेव्हण्यासाठी किंवा शेजाऱ्यासाठी जामीन राहणे हा नात्याचा भाग मानला जातो, आणि सही केल्यानंतर त्या कर्जाची आठवणही राहत नाही. ते कर्ज जामीनदाराच्या अहवालातही जामीनदार म्हणून दिसते, आणि मूळ कर्जदाराने तडजोड केली तर तिची सावली त्याच्या अहवालावरही पडू शकते. त्यामुळे थकबाकी फेडताना कर्जदाराने आपल्यासोबत सही केलेल्या प्रत्येकाला भरणा कसा होणार आहे हे आधी सांगावे, बेबाकी दाखल्याची प्रत त्यांनाही द्यावी आणि त्यांनी आपापला मोफत अहवाल काढून ते खाते तेथे कसे दिसते हे पाहावे. त्यांच्या अहवालातील चूक दुरुस्त करण्यासाठी तक्रार त्यांनाच करावी लागते. कर्जदाराच्या तक्रारीने ती आपोआप सुधारेल असे धरून चालू नये.